राजघराण्याची चामखीळ

रश्नुदातच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या जरा वर, चामखीळ उगवली ती द्राक्षं खुडायच्या दिवसांत. सुरुवातीला ती मसुराएवढी होती, आणि मसुराएवढ्या गोष्टीला द्यावा तेवढाच मान तिला घरात मिळाला. म्हणजे त्याच्या बायकोनं, दिनाकनं, एकदा अंगठ्यानं ती दाबून पाहिली, "दुखते का हो?" असं विचारलं, आणि तो "नाही" म्हणाल्यावर पुन्हा कणीक मळायला घेतली. रश्नुदातला हे जरा लागलं. आपल्या अंगावर काही नवीन घडलं तर घरच्यांनी निदान घटकाभर तरी हळहळावं, अशी त्याची माफक अपेक्षा असे. ती आयुष्यात कधीच पुरी झाली नव्हती.

तो सरकारी दारूच्या कोठारात कारकून होता. मळ्यांतून रांजण यायचे, त्यांच्या तोंडावर ओली माती थापून शिक्का मारायचा आणि कुठल्या मळ्याचा माल ते एका खापरावर लिहून ठेवायचं, हे त्याचं काम. आमच्या एकबताना शहरात याला बऱ्यापैकी नोकरी म्हणतात. हात मळतात, पण मान टिकते. बाप घोडदळाची खोगिरं शिवायचा. तो कधीच वारला होता. घरात आई होती, वरदाक नावाची, जिच्या हातातली चाती आणि तोंडातली जीभ एकाच वेगानं फिरत. तिनंही चामखीळ पाहिली आणि म्हणाली, "एवढं काही नाही. डोक्यात काही पिकत नाही म्हणून बाहेर पिकलं असेल."

महिन्याभरात मसुराचा वाटाणा झाला. आणि एका सकाळी रश्नुदात शेजारच्या स्पंददातकडे बदाम घ्यायला गेला, तिथून सगळं बिघडलं.

स्पंददातचं बदाम-अक्रोडांचं दुकान होतं, पण त्याचा खरा धंदा लोकांना सल्ला देण्याचा. बदाम तो नाइलाजानं विकायचा. रश्नुदातनं चांदीचं नाणं पुढे केलं. स्पंददातनं ते सवयीनं उन्हात धरलं, मग रश्नुदातकडे पाहिलं, मग नाण्याकडे, मग पुन्हा रश्नुदातकडे.

"अहो, जरा तोंड डावीकडे वळवा बघू."

"का?"

"वळवा तर. शेजाऱ्यासाठी एवढं नाही करायचं?"

रश्नुदातनं तोंड वळवलं. आमच्या नाण्यांवर राजा नेहमी डावीकडे बघतो. त्याची डावी बाजू तेवढी प्रजेला ठाऊक असते. उजवीकडे काय आहे ते राणीला माहीत. लांब दाढी, डोक्याला पट्टी, मागं गाठ, आणि कपाळावर, डाव्या भुवईच्या जरा वर, चामखीळ. उन्हाळ्यात मेलेल्या राजाच्या कपाळावर ती होती, त्याच्या बापाच्या होती, आजोबांच्याही होती. टांकसाळीतले कोरणारे दाढीचा एखादा कुरळा विसरतील, कडेची ग्रीक अक्षरं तर ते उलटीसुलटी कोरतातच, कारण त्यांनाही ती वाचता येत नाहीत आणि आम्हालाही. पण चामखीळ मात्र कुणी कधी विसरलं नाही. आमच्याकडे गादीवर कुणीही बसो, नाण्यावर त्याचं नाव अर्शकच असतं. तेव्हा नावावरून राजा ओळखायची सोय नाही. ओळखायचा तो तोंडावरून.

"हुबेहूब!" स्पंददात ओरडला. अख्खी गल्ली जमली. नाणं हातोहात फिरलं. कुणी म्हणालं नाक जुळतं, कुणी म्हणालं नाक राहू द्या पण नाराजी अगदी तीच आहे. एकानं नाणं उलटं करून मागच्या बाजूला बसलेल्या धनुर्धाऱ्याशीसुद्धा रश्नुदातचं साम्य शोधलं. त्या धनुर्धाऱ्याच्या हातात धनुष्य आहे आणि बाण नाही, आणि चेहऱ्यावर सरकारी नोकराचा भाव आहे, त्यामुळे ते साम्य खरं म्हणजे जास्त होतं.

आणि मग एकदम नाणं फिरायचं थांबलं. कारण सगळ्यांना एकाच वेळी आठवलं, की वरदाक लग्नाआधी राजवाड्यात कामाला होती. दरबार उन्हाळ्यात आमच्याकडे डोंगराच्या गारव्याला येतो. लोक मनातल्या मनात रश्नुदातचं वय काढू लागले, आणि हिशेब जमवायचाच म्हटल्यावर तो जमतोच.

*

त्या दिवसापासून रश्नुदातला लोक वाट देऊ लागले. पाणी भरणारा आधी त्याच्या घरी पाणी घालू लागला. कोठारातला वरिष्ठ, जो त्याला इतकी वर्षं "अरे ए" म्हणायचा, तो "जरा येता का" म्हणू लागला. स्पंददातनं तर आपल्या मेव्हण्याला टांकसाळीत चिकटवण्याची गोष्ट काढली. "तुमची वेळ आली की विसरू नका म्हणजे झालं," तो म्हणाला, आणि बदामांवर एक मूठ जास्त घातली.

"काहीतरीच काय!" रश्नुदात म्हणाला. पण ज्या आवाजात म्हणाला तो आवाज "अजून बोला" असं सांगणारा होता.

खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं होतं. आयुष्यभर रांजणांना शिक्के मारलेल्या माणसाच्या कपाळावर एकदम कुणीतरी शिक्का मारून ठेवावा, ही गोष्ट साधी नाही. तो दाढी वेगळी विंचरायला लागला, ओळीओळीनं, खाली टोक काढून. मग एक दिवस त्यानं डोक्याला पांढरी पट्टी बांधली.

"डोकं दुखतंय," तो म्हणाला.

"डोकं दुखतंय तर गाठ कपाळावर मारा," दिनाक म्हणाली. "मागं दोन टोकं लोंबती सोडून कुणाचं डोकं दुखायचं राहिलंय आजवर?"

वरदाक कोपऱ्यात सूत काढत होती. तिची चाती थांबली. ती लेकाकडे बघत राहिली, पण बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे घरात काहीतरी गंभीर आहे, हे एरवी त्याला कळायला हवं होतं.

त्याला विचारायचं होतं. पण आईला असलं विचारायचं कसं? तो दोन दिवस आसपास घुटमळला आणि शेवटी म्हणाला, "आई, तू तिकडं राजवाड्यात होतीस तेव्हा... म्हणजे, माझे वडील..."

"तुझे वडील काय?"

"म्हणजे ते कसे होते स्वभावानं?"

"कुठले?" वरदाक म्हणाली. "तुला हवेत ते, की होते ते?"

रश्नुदातची मान खाली गेली. "पट्टी काढ ती," ती म्हणाली. "शेजारचा बदामवाला हसतोय तोवर ठीक आहे. हसायचा थांबला की मग रडायची पाळी येईल."

त्यानं पट्टी काढली, पण फुरंगटून. आई आपलं मोठेपण बघवत नाही म्हणून असं बोलते, असं त्याला वाटलं. ही कल्पना त्याला इतकी आवडली की तो दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलला.

*

स्पंददात हसायचा थांबला तो थंडीच्या सुरुवातीला.

उन्हाळ्यात जुना अर्शक मेला होता. पोट बिघडून मेला असं दवंडीत सांगितलं, आणि त्याचं पोट कुणी बिघडवलं ते दवंडीशिवाय सगळ्यांना कळलं. मुलगा गादीवर बसला, तोही अर्शक. त्यानं आपल्या भावांना मेजवानीला बोलावलं. भाऊ गेले. मग सावत्र भावांना बोलावलं. तेही गेले. मग चुलते. आता इतक्या मेजवान्या झाल्या, पण जेवून परत आलेला एकही पाहुणा कुणी पाहिला नव्हता. तिकडे रगा शहरात एका कातड्याच्या व्यापाऱ्याला लोक गमतीनं राजपुत्र म्हणायचे, तो विहिरीत सापडला.

ही बातमी आली त्या दिवशी स्पंददातनं रश्नुदातला लांबून पाहिलं आणि दुकानाची फळी खाली ओढली. मग फटीतून म्हणाला, "अहो, ती काढून टाका ना तेवढी."

"कोण?"

"चामखीळ हो! घोड्याच्या केसानं आवळून बांधा. नाहीतर अंजिराचा चीक लावा. माझ्या आजीची कोपरावरची गेली होती."

"कोपरावरची!" रश्नुदात म्हणाला. कपाळाची तुलना कोपराशी झालेली त्याला आवडली नाही. पण घरी जाऊन त्यानं अंजिराचा चीक लावला. कपाळ सुजलं, डावा डोळा मिटला, आणि चामखीळ आणखी उठून दिसायला लागली. घोड्याचा केस दिनाकनं बांधला. गाठ सुटली, पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. शेवटी ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तेव्हा पहिल्यांदा त्याला भीती वाटली. तोवर त्याला फक्त अपमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी तो ओखश न्हाव्याकडे गेला. ओखश गळवं फोडायचा, दात काढायचा, बैलाची शिंगंसुद्धा घासून द्यायचा. त्यानं वस्तरा उचलला, कपाळ पाहिलं आणि वस्तरा खाली ठेवला.

"हे माझ्यानं होणार नाही."

"का? इवलीशी तर आहे."

"इवलीशी आहे, पण कुणाची आहे ते आधी सांगा. तुमची असेल तर आत्ता काढतो. राजाची असेल तर माझा हात जाईल. लेखी आणा."

"माझ्या कपाळावर आहे ना? मग माझीच!"

"नाणं तुमच्या कमरेला असतं," ओखश म्हणाला, "म्हणून त्यावरचं डोकं तुम्ही कापू शकता का?"

रश्नुदात बाजाराच्या अधिकाऱ्याकडे गेला. तिथं न्हाव्यांचे तंटे चालत. अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की न्हावी आमच्याकडे येतात, कपाळं येत नाहीत. राजाच्या प्रतिमेचा प्रश्न असेल तर टांकसाळ. मात्र तक्रार आली म्हणजे नोंद झालीच पाहिजे, म्हणून त्यानं एका खापरावर काहीतरी खरडलं आणि ते मागच्या ढिगात टाकलं. रश्नुदात स्वतः खापरांवर लिहिणारा माणूस. त्या ढिगातलं खापर कुणी पुन्हा वाचत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं निर्धास्त मनानं टांकसाळीची वाट धरली.

टांकसाळ बंद होती. म्हणजे दार उघडं होतं, माणसं होती, भट्टीपाशी हात शेकत बसली होती. पण जुन्या राजाचा साचा चालवायचा नाही आणि नव्या राजाचं चित्र आलेलं नाही, म्हणून हातोडे थंड पडले होते. बगदात नावाचा प्रमुख कोरणारा डोळे बारीक करून रश्नुदातच्या कपाळाच्या इतका जवळ आला की त्याच्या श्वासाला कांद्याचा वास आहे हे कळलं. त्यानं जुना साचा आणवला. काडीनं भुवईपासून अंतर धरून पाहिलं.

"वर आहे," तो म्हणाला. "आमची जरा खाली असते. आणि तुमची काठाला फाटलीय. आमची गोल."

"म्हणजे ही राजाची नाही!" रश्नुदातला हायसं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. "मग तेवढं लेखी द्या."

"लेखी?" बगदात मागं सरकला. "अहो, ही राजाची नाही असं लिहायचं तर राजाची कुठं असते ते लिहावं लागेल. उद्या नवा राजा आला आणि त्याची बरोबर इथंच निघाली तर? चित्र येऊ द्या. चित्र आलं की बघू."

चित्र आठवड्याभरात आलं. मेणावर उठवलेलं, पेटीत घालून, पहाऱ्यासकट. बगदातनं ते पाहिलं आणि संध्याकाळी स्वतः रश्नुदातच्या घरी आला. तो याआधी कधीच कुणाच्या घरी गेला नव्हता. दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना.

"कपाळ गुळगुळीत आहे," तो कुजबुजला.

"कुणाचं?"

"त्याचं. नव्या अर्शकाचं. काही नाही त्याच्या कपाळावर. बापाच्या होती, आजाच्या होती, आणि याला नाही. कळतंय का तुम्हाला? आता ज्याच्या ज्याच्या कपाळावर आहे, तो तो त्याच्यापेक्षा जास्त..." त्यानं वाक्य अर्धं टाकलं. "मी आलो नव्हतो," तो म्हणाला आणि गेला.

वरदाक आतून सगळं ऐकत होती. "आता न्हाव्याकडे जाऊ नकोस," ती म्हणाली. "आता काढलीस तर लपवलीस म्हणतील."

*

मेजवानीचं आमंत्रण घेऊन घोडेस्वार आला तो बाजाराच्या दिवशी. त्या ढिगातलं खापर कुणीतरी वाचलं होतं. बाजारातून ते प्रांताच्या सुभेदाराच्या, म्हणजे क्षत्रपाच्या, कचेरीत गेलं, आणि तिथं पोचेपर्यंत त्यातली न्हाव्याची तक्रार गळून पडली होती आणि उरलं होतं एवढंच की एकबतानातला रश्नुदात आपल्या कपाळावरचं चिन्ह राजाचं आहे की नाही याचा लेखी निर्णय मागतो. म्हणजे दावाच की! ज्या गोष्टीतून सुटायला त्यानं अर्ज केला, तीच मागायला केला असं ठरलं.

दुपारपर्यंत शेजारी भेटायला येऊन गेले. कुणी डाळिंब आणलं, कुणी भाकरी. सगळे "अभिनंदन" म्हणत होते आणि कुणी डोळ्याला डोळा देत नव्हतं. एका बाईनं दिनाकला विचारलं, तुमचा तो मोठा गालिचा पुढं मागं विकायचा झाला तर कळवा.

क्षत्रपाचा कारभारी अतिशय सभ्य माणूस होता. रश्नुदातला कचेरीत त्याच्यापुढे उभं केलं तेव्हा त्याच्यासमोर पिस्त्यांची परडी होती आणि तो टरफलं नीट एका बाजूला रचत होता. दिवाणखाना बघ्यांनी भरला होता.

"मेजवानीला राजांनी स्वतः बोलावलंय," तो म्हणाला. "भाग्य आहे."

"साहेब, मी खोगीरवाल्याचा मुलगा आहे हो," रश्नुदात म्हणाला.

"असाल. तुमच्या वडिलांच्या कपाळावर होती का अशी?"

"नाही."

"आजोबांच्या? चुलत्यांच्या? आईकडच्या कुणाच्या?"

"नाही."

"मग ही आली कुठून?" कारभाऱ्यानं एक पिस्ता फोडला. "मला तुमच्याविषयी काही नाही. पण मला वर उत्तर द्यावं लागतं. कुणाची तरी असली पाहिजे ना?"

तेव्हा मागून काठीचा आवाज आला. गर्दीतून वाट काढत वरदाक पुढे आली. तिनं डोक्यावरचं वस्त्र नीट केलं, धाप लागली होती ती जिरू दिली.

"गाढववाल्याची आहे," ती म्हणाली.

"काय?"

"चामखीळ. गाढववाल्याची आहे. भुसा घेऊन यायचा आमच्या गल्लीत. याच जागी होती त्याच्या. माझा नवरा स्वारीबरोबर खोगिरं घेऊन गेला होता तेव्हाची गोष्ट."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग अख्खा दिवाणखाना हसला. पहारेकरी हसले. स्पंददात हसला. राजपुत्राचा गाढववाला झाला, इतकी मोठी गंमत आमच्या शहरात कित्येक वर्षांत झाली नव्हती. एकटा कारभारी हसला नाही.

"बाई, तो माणूस कुठं आहे?"

"मेला. सगळेच मेले. मीच राहिलेय."

"हे कबूल केल्याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"कळतो. म्हातारी झालेय, खुळी नाही झाले."

कारभाऱ्यानं टरफलांचा ढीग बोटानं सारखा केला. त्याचा विश्वास बसला होता की नाही कोण जाणे. पण वर देण्याजोगं उत्तर त्याला मिळालं होतं. "अशा बाईला शासन तिच्या घरच्या पुरुषानं करायचं असतं," तो म्हणाला. "नवरा नाही, म्हणजे मुलगा. बोला रश्नुदात. तुम्ही हिला घरात ठेवून घेणार असाल तर मला वाटेल, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."

रश्नुदातनं आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिनं अगदी थोडी मान हलवली. 'म्हण,' असा तिचा अर्थ होता. तो त्याला समजला असता, तर त्याचा आवाज नक्की कापला असता आणि दोघंही मेले असते. पण तो समजून घेण्याच्या अवस्थेतच नव्हता. गेले दोन महिने मनाच्या कोपऱ्यात तो राजाचा मुलगा होता, आणि आता भर दिवाणखान्यात, सगळ्या ओळखीच्या लोकांसमोर, त्याला गाढवावर बसवलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या जळत होत्या.

"माझ्या घरात हिला जागा नाही," तो म्हणाला. "आजपासून ही माझी कोणी नाही."

आवाज जराही कापला नाही. लोक नंतर म्हणाले, काय तडफेनं बोलला! कारभाऱ्यानं मान डोलावली आणि टरफलं झाडून टाकली.

*

वरदाक त्याच दिवशी निघाली. अलवंद डोंगराच्या कुशीतल्या एका गावात तिची धाकटी बहीण होती. जायला वाहन मिळेना; जे मिळालं ते गाढव. स्पंददातनंच ठरवून दिलं, आणि त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता, पण गल्लीचं हसून हसून पोट दुखलं. दिनाकनं तिला भाकरी बांधून दिली, आपली शाल दिली, पाय घट्ट गुंडाळले. रश्नुदात आत भिंतीकडे तोंड करून उभा होता. वरदाक दारात थांबली. आत यायची मनाई, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "चीक लावू नकोस आता. डोळा जाईल." मग गाढव चालू लागल्याचा आवाज आला.

"अहो, खोटं बोलल्या त्या," दिनाक म्हणाली. "तुमच्यासाठी बोलल्या."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत नाही. पण तुम्हाला माहीत हवं."

कोठारात वरिष्ठ पुन्हा "अरे ए" म्हणू लागला. काही दिवसांनी त्यानं सांगितलं की सरकारी शिक्का हातात असलेल्या माणसाला बाप असावा लागतो, निदान नोंदीत तरी. तेव्हा शिक्का परत दे आणि रांजण धुवायला लाग. रश्नुदात रांजण धुऊ लागला. रस्त्यानं जाताना मागून कुणीतरी गाढवासारखं ओरडायचं. तो वळून बघायचा नाही, ताठ चालायचा, आणि ताठ चालल्यामुळे ते आणखी जोरात ओरडायचे.

"त्यांना घेऊन या," दिनाक रोज म्हणायची.

"कचेरीचं लक्ष आहे आपल्यावर. जरा निवू दे." हे खरंच होतं. पण या कारणामागं दुसरं एक कारण लपलं होतं, तेही तितकंच खरं होतं, आणि त्याचं नाव तो घेत नव्हता. त्याचा राग अजून गेला नव्हता. गाढववालाच का? एखादा सरदार म्हणाली असती, एखादा पुजारी! घोड्याचा व्यापारीसुद्धा चालला असता.

मग बर्फ पडलं आणि डोंगराची वाट बंद झाली. भर थंडीत एक दिवस लोकरीची टोपी काढताना चामखीळ टोपीबरोबर निघून आली. दुखलंसुद्धा नाही. वाळलेल्या मनुकेएवढं काहीतरी टोपीच्या आत चिकटलं होतं. दिनाकनं ते चुलीत टाकलं.

बर्फ वितळायच्या आधी गुळगुळीत कपाळाचा अर्शकही गेला. त्यालाही कुणीतरी जेवायला बोलावलं होतं. नवा अर्शक बसला, नवं चित्र आलं. बगदातनं साचा कोरला आणि हातोडे पुन्हा वाजू लागले. क्षत्रप बदलला, कारभारी बदलला, आणि रश्नुदात नावाच्या माणसाशी कुणालाच काही देणंघेणं उरलं नाही.

वाट मोकळी झाली त्या दिवशी तो निघाला. दिनाकनं मनुका, सुकं चीज आणि नवी शाल दिली. तो वाटेत बोलण्याची तयारी करत होता. आईला आधी रागावायचं, मग माफ करायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

मावशी अंगणात लोकर धूत होती. तिनं त्याला पाहिलं, हातातली लोकर पिळली, दोरीवर टाकली आणि मग म्हणाली, "उशीर केलास. मोठं बर्फ पडलं त्या आठवड्यात गेली. रीतीप्रमाणे वर खडकावर पक्ष्यांसाठी ठेवली तिला. पण तेसुद्धा फिरकत नव्हते थंडीनं."

रश्नुदात ओसरीच्या कडेवर बसला. मनुकांचं गाठोडं मांडीवर होतं. मावशीनं त्याला ताक आणून दिलं, ते तो प्यायला.

"काही म्हणाली का ती?" त्यानं विचारलं.

"शहरातून कुणी आलं की विचारायची, तुझं काही झालं नाही ना. जिवंत आहे म्हटलं की गप्प व्हायची."

"आणि... त्याच्याबद्दल? माझ्या बापाबद्दल?"

मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला ताकाचा वाडगा खाली ठेवावा लागला.

"हे विचारायला आलास? अरे, कसला गाढववाला आणि कसला राजा! राजवाड्याच्या मागच्या अंगणात ती कोंबड्यांची पिसं काढायची. दिवसभर. राजाची पाठसुद्धा पाहिली नाही कधी तिनं. मग तुझ्या बापानं मागणी घातली, ती हो म्हणाली, आणि तो मेला तरी दुसऱ्या माणसाकडे मान वर करून पाहिलं नाही. खोगीरवाल्याचा आहेस तू. नाक बघ आपलं पाण्यात."

रश्नुदात खाली बघत राहिला. पुढे हुंदका आला, मग दुसरा आला, आणि मग तो ओसरीवर आडवा होऊन असा रडला की शेजारची माणसं कुंपणाशी आली, आणि मावशी रागावली होती तरी तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो कितीतरी वेळ रडला. पण त्या हुंदक्याच्या आधी, मावशीचं बोलणं संपल्यावर, एक क्षण असा गेला होता की त्यात त्याला आईचं दुःख झालं नव्हतं. आपण फक्त खोगीरवाल्याचे, एवढंच वाटलं होतं, आणि वाईट वाटलं होतं. तो क्षण त्यानं दिनाकला कधी सांगितला नाही. मावशीनं मात्र तो पाहिला होता, आणि तिनं पाठीवरचा हात काढला नाही.